जपानने परंपरा जपली म्हणताना कोणती, ते विचारूया

जपानबद्दल एक वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. 'बघा, ते आधुनिक झाले, पण आपली संस्कृती सोडली नाही.' भाषणांत, अग्रलेखांत, आता व्हॉट्सॲपवर. या कौतुकातून चांगली कामंही झाली. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्याची कल्पना त्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून सुचली होती. तेव्हा जपानकडून शिकू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण धर्माच्या बाबतीत हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. आधुनिक होताना जपानने आपला धर्म जपला नाही, तो मधोमध कापला. आणि कापणारे परंपरेचंच नाव घेत होते, याचा मला जास्त त्रास होतो.

1868 च्या आधीचा जपान डोळ्यांसमोर आणा. हजारेक वर्षं तिथे बुद्ध आणि स्थानिक देव, म्हणजे कामी, एकाच आवारात नांदत होते. मंदिराच्या अंगणात विहार, विहाराच्या कुंपणात मंदिर. हाचिमान हा युद्धाचा देव, पण त्याला लोक 'महाबोधिसत्त्व' म्हणत. देवासमोर भिक्षू सूत्रं म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. क्योतोच्या गिओनमध्ये गोझु तेन्नो हा बैलाच्या मस्तकाचा, रोगराई दूर ठेवणारा देव होता. तो श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा रक्षक मानला जाई, 'गिओन' हे नावही त्या जेतवनावरूनच आलेलं. शिकोकू बेटावरच्या डोंगरावर खलाशांचा देव कोन्पिरा, म्हणजे मूळचा आपला कुंभीर, मगर. एनोशिमाला बेन्झाइतेन, म्हणजे सरस्वती.

1868 मध्ये शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने चालणारं मेइजी सरकार आलं आणि काही महिन्यांतच फर्मान निघालं: कामी वेगळे, बुद्ध वेगळे. मंदिरांतून बौद्ध मूर्ती, घंटा, ग्रंथ बाहेर काढा. देवांना बौद्ध नावांनी हाक मारायची नाही. हाचिमानची 'महाबोधिसत्त्व' पदवी गेली. गिओनचं देवस्थान यासाका मंदिर झालं, गोझु तेन्नोला बाजूला सारून तिथला देव अधिकृतपणे सुसानोओ ठरला. कोन्पिराचं कोतोहिरा झालं. एनोशिमाला सरस्वतीच्या जागी मुनाकाताच्या तीन देवी आल्या. 'जपानमध्ये आजही सरस्वतीची पूजा होते' हा मजकूर आपण हौसेने पुढे ढकलतो. पूजा होते, खरंच. पण याच देवांना सरकारी कागदावर परकं ठरवून नावं बदलायला लावली होती, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

फर्मानात मोडतोड करा असं लिहिलेलं नव्हतं. पण हिएई पर्वताच्या पायथ्याशी साकामोतोला, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंच्या हाताखाली राहिलेले पुजारी माणसं घेऊन देवळात घुसले आणि आतल्या बौद्ध मूर्ती नि ग्रंथ त्यांनी जाळले. हा राग काही आकाशातून पडला नव्हता. तोकुगावा काळात, म्हणजे मेइजीच्या आधीच्या शोगुनांच्या राजवटीत, प्रत्येक घराला कुठल्या तरी विहारात नाव नोंदवावं लागे. ती नोंदवही भिक्षूंच्या हातात असे, आणि त्या जोरावर अनेक विहारांनी लोकांना नाडलंही होतं. हे कबूल केलं पाहिजे. पण सात्सुमात, म्हणजे आजच्या कागोशिमात, हजाराहून जास्त विहार होते आणि काही वर्षांत एकही शिल्लक ठेवला नाही. याला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नाराच्या कोफुकुजीचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. एवढा बलाढ्य विहार, पण तिथल्या भिक्षूंनी सामूहिकपणे वस्त्रं उतरवली आणि शेजारच्या कासुगा मंदिरात ते शिंतोचे, म्हणजे कामींच्या धर्माचे, पुजारी झाले. विहार निर्मनुष्य झाला, आवाराच्या भिंती पाडल्या, आणि 1880 मध्ये ती जागा सरकारी बाग झाली. नाराला जाणारे पर्यटक जिथे हरणांना बिस्किटं भरवतात, त्यातला बराच भाग म्हणजे हेच उघडं पडलेलं आवार. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान मंदिरात मोठा पॅगोडा होता. फेलिचे बेआतो या युरोपियन छायाचित्रकाराने 1860 च्या दशकात काढलेल्या फोटोत तो दिसतो. 1870 मध्ये तो पाडला. आज ते आवार इतकं नीटनेटकं आणि 'शुद्ध शिंतो' दिसतं की इथे कधी बुद्ध होता हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं पाश्चात्त्यांच्या विरोधात झालं असं वाटेल. मला तर हेच मेइजी काळातलं सगळ्यात पाश्चात्त्य काम वाटतं. रेल्वे आणि कोट-टोपीपेक्षाही. मेइजी सरकारातला बडा नेता इतो हिरोबुमी राज्यघटना शिकायला 1882 मध्ये युरोपला गेला. पुढे 1888 मध्ये घटनेच्या मसुद्यावर चर्चा सुरू झाली तेव्हा त्याने जे मांडलं त्याचा आशय असा: युरोपात राष्ट्राला धरून ठेवणारा आस, म्हणजे कणा, तो धर्म. आपल्याकडे बौद्ध धर्म क्षीण, शिंतोत ती ताकद नाही. तेव्हा आपला आस सम्राटाचं घराणं. म्हणजे युरोपच्या राज्ययंत्रात चर्च जिथे दिसलं, ती जागा आपल्याकडे रिकामी आहे असं वाटलं आणि तिथे सम्राट बसवला. गावोगावची मंदिरं आधीच सरकारी दर्जांच्या उतरंडीत बसवली होती, सगळ्यात वर इसे, म्हणजे सम्राटाच्या घराण्याची कुलदेवी असलेल्या सूर्यदेवीचं देवस्थान. पिढीजात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क 1871 मध्येच काढून घेतले होते.

पाश्चात्त्यांचा दबाव दुसऱ्या बाजूनेही होताच. नागासाकीजवळच्या उराकामीचे सुमारे 3,400 ख्रिस्ती लोक सरकारने घरादारासकट हद्दपार केले, त्यातले 600 हून अधिक मेले. परदेशांतून ओरड झाली, आणि 1873 मध्ये ख्रिस्ती धर्मबंदीचे फलक उतरले. मग 1889 च्या घटनेत कलम 28 ने धर्मस्वातंत्र्य दिलं, प्रजेच्या कर्तव्याच्या आड येत नसेल तर. त्यावर सरकारने तोडगा काढला: शिंतो मंदिरांचे विधी हा धर्मच नाही, ते नागरी कर्तव्य. त्यामुळे स्वातंत्र्यही दिलं आणि मान तुकवणंही सगळ्यांना लागू झालं. उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाने 1891 मध्ये शिक्षणविषयक राजाज्ञेसमोर पुरेसं वाकून नमन केलं नाही, एवढ्यावरून त्याची नोकरी गेली.

आणि आपण ज्याला 'प्राचीन जपानी प्रथा' म्हणतो त्यांतल्या कितीतरी याच काळातल्या. मंदिरात लागणारं शिंतो लग्न रूढ झालं ते 1900 मध्ये युवराजाचं लग्न तसं लागल्यावर. नववर्षाला नामवंत देवस्थानी लोटणारी गर्दी वाढली ती रेल्वे आल्यावर. त्यात वाईट काही नाही, प्रथा नव्याने घडतातच. फक्त जुन्या प्रथांच्या नावाखाली खरोखर जुनं काय मारलं गेलं तेही सांगावं.

कारण पुढचा घाव गावांवर बसला. 1906 मध्ये मंदिरांच्या एकत्रीकरणाचं धोरण आलं. लहान, उत्पन्न नसलेली देवळं राष्ट्राच्या प्रतिष्ठेला शोभत नाहीत, म्हणून शक्यतो एका गावाला एकच मंदिर. सुमारे 70 हजार देवळं काही वर्षांत गेली. मिए प्रांतात तर दहातली जवळपास नऊ. मिए म्हणजे जिथे इसे आहे तोच प्रांत! सर्वोच्च देवस्थानाच्या अंगणातच गावदेव सगळ्यात जास्त संपले. देऊळ गेलं की त्याभोवतीचं राखीव रान, आपल्या देवराईसारखं, विकायला मोकळं. शतकं उभे असलेले वृक्ष लाकडाच्या भावाने गेले.

याविरुद्ध उभा राहिला तो मिनाकाता कुमागुसु. अमेरिका-इंग्लंडमध्ये चौदा वर्षं काढलेला, ब्रिटिश म्युझियममध्ये वाचत बसणारा, 'नेचर'मध्ये लिहिणारा माणूस. 1904 मध्ये वाकायामातल्या तानाबेला येऊन राहिला आणि रानातल्या श्लेष्मबुरशा, म्हणजे कुजक्या लाकडावर वाढणारे बुरशीसारखे चिकट जीव, गोळा करू लागला. ती रानंच तुटायला लागल्यावर त्याने वर्तमानपत्रांत लिहिलं, अधिकाऱ्यांना सुनावलं, 1910 मध्ये एका सभेत घुसून गोंधळ घातला आणि 18 दिवस कोठडीत काढले. त्याचं म्हणणं अगदी जमिनीवरचं होतं. रान गेलं की पक्षी जातात, पक्षी गेले की पिकावर कीड येते. किनाऱ्यावरची झाडं तोडली की मासे काठाशी येत नाहीत. देऊळ लांब गेलं की म्हातारी माणसं जाऊ शकत नाहीत, जत्रा मरते, गावाचा एकोपा मरतो, आणि ज्या देशभक्तीसाठी हे चाललंय तीही मरते. पश्चिम आतून पाहिलेल्या माणसाने गावातलं फुटकळ देऊळ वाचवायला जिवाचं रान केलं, आणि राष्ट्रीय परंपरेचे ठेकेदार तेच देऊळ मोडत होते. मला जपानकडून काही शिकायचं असेल तर ते मी मिनाकाताकडून शिकेन. कुमानोच्या जुन्या यात्रामार्गावर त्सुगिझाकुरा-ओजी इथे त्याच्या खटपटीने वाचलेले काही प्रचंड सुगी, म्हणजे जपानी देवदार, वृक्ष अजून आहेत.

1945 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन अंमलाने शिंतोचा सरकारी आधार काढला, 1947 च्या घटनेने राज्य आणि धर्म वेगळे केले. यासुकुनी या टोकियोतल्या युद्धमृतांच्या शिंतो मंदिरावरून वाद आजही पेटतात, त्यावर आपल्याकडेही बातम्या येतात. 1868 ची कापाकापी मात्र कुणी उलटवली नाही. थोडं काही लोकांनी आपलं आपण सांधलंय. दरवर्षी 2 जानेवारीला कोफुकुजीचे भिक्षू कासुगाला जाऊन देवासमोर सूत्रं म्हणतात. अनेक घरांत बुद्धाचा देव्हारा आणि कामींची फळी दोन्ही असतात, आणि सरकारी आकडेवारीत शिंतो नि बौद्ध अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून जास्त भरते.

टोकियोत, योकोहामात राहणारी बरीच मराठी मंडळी माझ्या यादीत आहेत. त्यांना एक विनंती. कामाकुराला गेलात तर आधी बेआतोचा तो फोटो मोबाइलवर शोधा, मग मंदिराच्या आवारात पॅगोडा कुठे असेल ते पाहा आणि आजचा फोटो खाली टाका. आणि एकाच आवारात कामी आणि बुद्ध दोघेही अजून आहेत अशी ठिकाणं तुम्ही पाहिली असतील, तर त्यांची नावंही लिहा.