अंगठा घेतलात, आता चेहराही हवाय?

आज सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी मी हॉस्पिटलच्या तळघरात, पार्किंगच्या भिंतीला पाठ लावून उभी होते आणि हजेरीच्या नव्या, चेहरा ओळखणाऱ्या मशीनसाठी फोटो काढणारा टाइम ऑफिसमधला एक पोरगा मला सांगत होता, "सिस्टर, डावीकडे बघा. आता उजवीकडे. हनुवटी वर." पोलीस ठाण्यात पकडून आणलेल्या माणसाचे फोटो असेच काढतात. २१ वर्षं नोकरी झाली माझी. साडेसातला रात्रपाळीकडून पेशंटचा ताबा, म्हणजे ओव्हर, घ्यायला मी वॉर्डात हवी होते, रात्री आयसीयूतून खाली आलेला पेशंट होता, आणि मी भिंतीपाशी माना वळवत होते.

"हनुवटी वर" दुसऱ्यांदा ऐकलं आणि बाजूला झाले. विचारलं, हे फोटो कुठे जाणार? मशीन बसवणाऱ्या कंपनीकडे जाणार का? मी नोकरी सोडली तर कोण पुसणार? त्याने उत्तराऐवजी कागद पुढे सरकवला. सगळा इंग्रजीत. खाली सहीची जागा, वर लिहिलेलं की मी हे सर्व स्वेच्छेने देत आहे. काल संध्याकाळी वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आलंय की पाच तारखेपर्यंत चेहरा नोंदवला नाही तर पगार थांबेल. पगार अडवून घेतलेल्या सहीला स्वेच्छा म्हणायची लाज कशी वाटत नाही? आणि वर तो पोरगा मला म्हणतो, "सिस्टर, आधार दिलंयच की सगळीकडे. लपवायचंय काय तुम्हाला?"

न्हाणीघराला आपण आतून कडी लावतो, ती काय चोरीचा माल लपवायला लावतो? माझा चेहरा आहे, मी विचारणारच.

आठ महिने अंगठ्याच्या मशीनने छळलं. पेशंटला हात लावण्याआधी हँडरब, नंतर हँडरब, मग ग्लोव्ह्ज, मग परत साबण. दिवसभर हेच करणाऱ्या बोटांवर रेषा राहतील कशा? अंगठा ठेवला की मशीनमधून बाईचा आवाज, "प्लीज ट्राय अगेन". मग अंगठा केसांतून फिरवा, कपाळावर घासा, फुंकर मारा, परत ठेवा. मागे रांग, प्रत्येकाची नजर घड्याळावर. सात बत्तीस झाले की लेट मार्क. तीन लेट मार्क झाले की एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, गेली. डोंबिवलीहून पावणेसहाची लोकल दारात लटकून पकडते मी, ती कुर्ल्याच्या अलीकडे वीस मिनिटं उभी राहते, त्याला मी काय करू? आणि रिलीव्हर आली नाही म्हणून दोनची ड्युटी साडेचारला सुटते तेव्हाही जाताना अंगठा लावतेच ना? तो आकडा त्याच मशीनमध्ये जातो. त्याचे पैसे एकाही महिन्यात मिळालेले नाहीत. माझी उशिराची दोन मिनिटं दिसतात, माझे जास्तीचे अडीच तास कुणाला दिसत नाहीत.

पण माझं निदान सीएलवर भागतं. आमच्या वॉर्डातल्या मावशी कंत्राटी आहेत. जन्मभर फिनेल, हायपोक्लोराइट, बेडपॅन आणि फडकं. त्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. गेल्या महिन्यात मशीनने त्यांना सहा दिवस गैरहजर धरलं. त्या सहाही दिवशी त्या माझ्यासमोर होत्या, माझ्या पेशंटची बेडं त्यांनी आवरलीत. कंत्राटदार म्हणतो, मशीनमध्ये नाही म्हणजे नाही. सहा दिवसांची मजुरी कापली. माणसाने माणूस डोळ्यांनी पाहिला याला आता काही किंमतच नाही?

याच मावशी मुंबईत आल्या तेव्हा अंगठेबहाद्दर होत्या. साक्षरता वर्गात जाऊन सही शिकल्या. पगाराच्या कागदावर पहिल्यांदा सही केली त्या दिवशी शाई न लागलेला अंगठा अख्ख्या वॉर्डाला दाखवत फिरल्या होत्या, मी होते तिथे. आपल्याकडे अंगठा म्हणजे काय ते सांगायला लागतं का? कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन सावकाराने जमिनी गिळल्या. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले ते उगाच नाही. त्या अंगठ्यातून सुटायला एका बाईने रात्री वर्गात बसून अक्षरं गिरवली, आणि तिला तुम्ही परत अंगठ्यावर आणून ठेवलंत.

जुनं मशीन कुठे आहे माहितीये? जिन्याखाली, खोक्यात, वायरी लोंबतायत. त्यात आम्हा सगळ्यांचे अंगठे आहेत. पुसले का, विचारलं. "त्यात ठसा नसतो सिस्टर, आकडे असतात." असतील. मग तेच कागदावर लिहून द्या, खाली सही-शिक्का करा. ते नाही करणार. एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर दुसरा कुठून आणू? नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे करून लोकांची बँक खाती रिकामी केलीत या देशात. ते वाचलं त्याच रात्री मी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, सासूबाईंचंही केलं.

रात्रपाळीत बसून मी हे सगळं वाचलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. केवढा आनंद झाला होता. मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाट मालकाला करून दिली. २०११ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत बायोमेट्रिक माहिती निदान 'संवेदनशील' होती, नव्या कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही. म्हणजे हक्क सगळ्यांना, फक्त कामावर हजर झाल्यावर तो गेटबाहेर ठेवायचा? ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी ३८ व्यायाम-केंद्रांतली चेहऱ्याची आणि बोटाची हजेरी बंद करायला लावली, २,००० हून जास्त कर्मचारी होते. कारण साधं होतं. कार्डाने काम भागण्यासारखं होतं आणि कामगारांना नाही म्हणायची सोय ठेवलेली नव्हती. आमच्याकडेही गळ्यात कार्ड आहे की. इथे ते का चालत नाही?

मी सही केलेली नाही. चार ओळींचा अर्ज लिहिला, मराठीत. कार्डावर हजेरी घ्या किंवा मस्टर चालू ठेवा, जुन्या मशीनमधली आमची माहिती पुसल्याचं लेखी द्या, मावशींचे सहा दिवस भरून द्या. टाइम ऑफिसने अर्ज वाचला आणि पोच द्यायला नकार दिला. उद्या परत नेणार आहे. बरोबर वॉर्डाच्या हजेरी रजिस्टरची झेरॉक्स जोडलीये. त्यात सहाही दिवस मावशींची सही आहे, जरा तिरकी, वेलांटी वरच्या रेघेत घुसलेली.