पॅडॉक स्टँडवरच्या कॉमेंटला उत्तर: आधी अंगण पहा भाऊ

भाऊ, तुमची कॉमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, अन् तिसऱ्यांदा वाटलं की अर्धं तर बरोबरच बोलून राहिला माणूस.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टात मी लिहिलं होतं की घरी चेन धुवायला, मागचं चाक काढायला पॅडॉक स्टँड (मागून लावून गाडीचं मागचं चाक उचलून धरणारा लोखंडी स्टँड) घ्या. भाऊंनी घेतला, अंगणात त्यांची होंडा शाइन चढवली अन् चेनला ब्रश लावेपर्यंत गाडी आडवी. आरसा गेला, क्लचचा दांडा गेला. आता त्यांचं म्हणणं असं की "तुमच्या स्टँडपायी गाडी पडली, फरशीवरचं ज्ञान गावात नका सांगू, आमच्याकडे दोन विटा अन् बाभळीचा ओंडका बापापासून चालून राहिला, तुम्हाले कमिशन भेटत असन."

कमिशनचं राहू द्या, पोस्टात लिंकच नव्हती, फोटो होता तो माझ्याच स्टँडचा अन् तो मी तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून एक इंची पाइपाचा करून घेतलाय. अन् मीही गावातच राहतो, दारासमोर तुमच्यासारखीच काळी माती आहे. फक्त छपरीत कोबा टाकलेला आहे आणि मी सगळं काम त्या कोब्यावर करतो, हे लिहायचं मी साफ विसरलो. ही चूक माझी, त्याबद्दल खरंच सॉरी.

कारण पॅडॉकचा सगळा खेळ त्याच्या त्या दोन लहान चाकांवर असतो. दांडा खाली दाबला की स्टँड त्या चाकांवर फिरतो, रबराचे पॅड चिमट्याला (म्हणजे स्विंगआर्मला, मागचं चाक ज्यात बसते त्याला) वर उचलतात, अन् पॅड चाकांच्या वरून थोडे मागे गेले की गाडीच्याच वजनानं दांडा जमिनीला दाबून बसतो. लॉक बिक काही नाही, वजनच लॉक. आता सारवलेल्या अंगणात, त्यातही पाऊस पडून गेल्यावर, एका बाजूचं चाक बोटभर रुतलं की गाडी तिकडं कलली, संपलं. दुसरं म्हणजे उतार. आपल्याकडं अंगणाला नालीकडं उतार दिलेलाच असतो अन् गाडी आपण सवयीनं तोंड रस्त्याकडं करूनच लावतो, म्हणजे तोंड उताराला. गाडी दोन इंच पुढं सरकली की दांडा वर उठतो आणि स्टँड निसटतो. तुमची अशीच गेली असन असं मला वाटते, कारण तुम्हीच लिहिलं की "दांडा आपोआप वर आला". म्हणून समोरचा ब्रेक सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधून टाकायचा, पण गाडी चढल्यावर, आधी नाही, कारण चढताना ती थोडी मागं येते अन् चाक जाम असलं तर दांडा दबत नाही. गिअरात टाकून काही उपयोग नाही, मागचं चाक तर हवेत आहे ना.

आता विटांचं. इथं मी तुमचं ऐकणार नाही. स्प्लेंडर, एचएफ डिलक्सच्या इंजिनाखालून फ्रेमचे दोन पाइप जातात, त्या पाइपांना ओंडका लावला तर चालून जाते, तुमच्या वडिलांची गाडी तशीच असावी. शाइनची फ्रेम डायमंड टाइप, खाली पाइपच नाही, इंजिनच फ्रेमचा भाग. म्हणजे वीट सरळ चेंबरला (इंजिनाच्या खालच्या पेटीला) लागते, अॅल्युमिनियमला, अन् तेल काढायचा ड्रेन बोल्ट तिथंच. मी हे करून बसलोय. भर पावसाळ्यात पांदणीनं वावरातून आलो, चिखल मडगार्डात असा दाबून बसला होता की समोरचं चाक फिरेना. काडीनं कोरून कोरून थकलो, शेवटी इंजिनाखाली दोन विटा लावल्या अन् चाक काढायला बसलो. भट्टीची कच्ची वीट, ओली, मधातून फुटली. गाडी भिंतीवर टेकली म्हणून माझा पाय वाचला. चेंबरला जी ठेच लागली तिथून आजही तेल पाझरते, रोज सकाळी कोब्यावर रुपयाएवढा डाग. आणि ट्रॅक्टरचा बॉटल जॅक घरोघरी असतो म्हणून तो लावायचा मोह होतो, तोही नका लावू, त्याचं डोकं इतकं बारीक की गाडी त्याच्यावर भोवऱ्यासारखी डोलते.

पण खरं सांगू का, तुम्हाला पॅडॉक घ्यायचीच गरज नव्हती, अन् हे मी पोस्टात लिहायला पाहिजे होतं. शाइनला सेंटर स्टँड आहे. कंपनीनं फुकट दिलेला लिफ्टच तो. तो झिजला असला तर चाक जमिनीला घासते, तेव्हा दोन सारख्या जाडीच्या सागवानी फळ्या घ्या, एकीवर मागचं चाक चढवा, दुसरी स्टँडच्या दोन्ही पायांखाली येईल अशी आडवी टाका, स्टँड लावा, मग चाकाखालची फळी ओढून घ्या. चाक मोकळं फिरते, अन् फळीमुळं पाय मातीत रुतत नाहीत. समोरचं चाक उचलायचं असलं तर मागं कॅरिअरला युरियाची ४५ किलोची गोणी घट्ट बांधा, तोंड आपोआप वर. चेन तपासताना चाक हातानं फिरवून चार-पाच ठिकाणी ढिलाई पहा, एकाच जागी पाहून आवळली तर दुसऱ्या जागी तणते. इंजिन चालू ठेवून चेनला कापड लावायचं नाव पण घेऊ नका, आमच्या गल्लीत एकाचं बोट अर्धं आहे.

पॅडॉक लागतो तो ज्याला सेंटर स्टँड येतच नाही अशांना, ड्यूक वगैरे. त्यात चिमट्याला बॉबिनचं (स्टँड अडकवायच्या गोल खुंटीचं) भोक असलं तर बॉबिनवालाच घ्यावा, रबरी पॅड तिरप्या चिमट्यावरून घसरतात. अन् तुमच्या साळ्याच्या क्लासिक ३५० बद्दल विचारलं, ती १९५ किलोची आहे, एकट्यानं पॅडॉकवर घेऊ नका, एक जण हँडल धरायला पाहिजेच. हायड्रॉलिक टेबल लिफ्टचे व्हिडिओ मीही पाहतो, पण तेवढ्या पैशात बोरची मोटर येते.

तुमचा स्टँड फेकू नका. छपरीच्या कोपऱ्यात गाडी मावेल एवढा तुकडा पाणसळ लावून कोबा करून घ्या, गाडीचं तोंड भिंतीकडं, मग परत लावून पहा. अन् क्लचचा दांडा पूर्ण सेट नका घेऊ, नुसता दांडा वेगळा मिळतो.