रडारमुळे प्रवाळ मरत नाहीत, ढगही पळत नाहीत

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज परवा जुळे सोलापुरातल्या आमच्या दूधवाल्यानेही दाखवला: 'किनाऱ्यावरची रडारं प्रवाह मोजायला समुद्रात किरण सोडतात, त्यानेच प्रवाळ पांढरे पडतात. सोलापूरचं रडारही तसलंच, म्हणून आपले ढग पळतात.'

पहिलं वाक्यच चुकीचं आहे. या रडारच्या रेडिओ लहरी पाण्याच्या पृष्ठभागालगत पसरत जातात. खारं पाणी त्यांना फार आत शिरू देत नाही. 10 मेगाहर्ट्झच्या लहरीची ताकद दर 8 सेंटिमीटर खोलीला साधारण सातव्या हिश्शावर येते. हातभर खाली काही उरत नाही. मुळात ताकद ती किती? काही डझन वॉट, आणि तीही कित्येक किलोमीटरवर पसरलेली.

मग प्रवाह कळतो कसा? याच 10 मेगाहर्ट्झची, म्हणजे 30 मीटर लांबीची रेडिओ लहर बरोबर तिच्या निम्म्या, म्हणजे 15 मीटरच्या लाटांवरून जोरात परतते. क्रॉम्बी या शास्त्रज्ञाने 1955 मध्ये हे दाखवलं. खोल पाण्यात अशी लाट सेकंदाला 4.8 मीटर चालते, हे ठरलेलं. रडारला 5.1 दिसले, तर वरचे 30 सेंटिमीटर प्रवाहाचे. गड्ड्याच्या जत्रेत माणूस नेहमीच्या चालीपेक्षा भरभर पुढे सरकताना दिसला, की मागून गर्दी रेटतेय हे कळतं ना, तसंच. एका रडारला फक्त जवळ येणं आणि लांब जाणं कळतं, म्हणून दिशेसाठी दोन लागतात. कळतो तोही वरच्या मीटर-दोन मीटरचाच प्रवाह. खालचं त्याला दिसत नाही, ही मर्यादा खरी आहे. पण प्रवाळांची अंडी वरच तरंगतात, ती कुठे वाहून जातील याचा अंदाज बांधायला याची मदत होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण भागात अशी रडारं बसवली होती.

प्रवाळ पांढरे पडतात ते मुख्यतः उष्णतेने. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी पुरतं. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998 मध्येच मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. आपल्या किनाऱ्यावर या रडारचं जाळं उभं राहिलं ते त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी.

राहिलं सोलापूर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018-19 मध्ये इथे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, त्यातलं रडार वेगळं, ढगातले थेंब नुसते पाहणारं, जेमतेम 5 सेंटिमीटर लहरीचं. आपला पाऊस सह्याद्री अडवतो. 1972 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, तेव्हा इथे हे रडार नव्हतं.