‘बालहक्क म्हणजे आईबापांवर घाला’ या मेसेजला उत्तर कसं द्यायचं?

मजकूर दर वेळी थोडा बदलतो, सांगाडा तोच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारामुळे मुलं सरकारच्या मालकीची झाली. मुलाने तक्रार करायचा अवकाश, की अधिकारी येऊन त्याला उचलून नेतात. चापट मारली की तुरुंग. मूल म्हणेल ती पूर्व दिशा. हे सगळं पाश्चात्त्यांनी कुटुंबं मोडायला आणलं. हक्कांचं एवढं कौतुक, मग कर्तव्यं कोण शिकवणार. आणि करार इतका चांगला होता तर अमेरिकेने तो का स्वीकारला नाही? तळाशी ‘आपलं मूल आपलंच राहावं असं वाटत असेल तर पुढे पाठवा’.

देशोदेशी, वेगवेगळ्या भाषांत हाच सूर ऐकू येतो आणि तो फोनपुरता राहत नाही. त्यापायी कायद्यांचे मसुदे अडतात, शाळांमधले कार्यक्रम गुंडाळले जातात. बालहक्कांचं काम करणाऱ्या आपल्यासारख्यांची यावर प्रतिक्रिया ठरलेली: एक तर अडाणीपणा म्हणून हसून सोडून द्यायचं, नाहीतर परिषदेच्या भाषेत निवेदन काढायचं. दोन्ही वाया जातं. ज्या आईला किंवा बापाला हा मेसेज पटतो, त्यांना तो मुलाच्या काळजीपोटीच पटतो. त्यांच्याशी बोलायचं तर करार हातात घेऊन, एकेक दावा पुढे ठेवून बोलावं लागेल. आणि विरोधकांचं जिथे बरोबर आहे तिथे तसं सांगावंही लागेल.

‘मुलं सरकारच्या मालकीची होतात’

हा पाया आहे, बाकीचे दावे त्यावर उभे आहेत. म्हणून इथे जरा थांबू.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी हा करार मंजूर केला आणि २ सप्टेंबर १९९० पासून तो लागू झाला. कलमं ५४. त्याच्या प्रस्तावनेतच कुटुंबाला समाजाचा मूलभूत घटक आणि मुलांच्या वाढीसाठीचं नैसर्गिक वातावरण म्हटलं आहे. मग येतं पाचवं कलम. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलेलं असण्याची शक्यता कमी. खरं सांगायचं तर आपल्या बाजूचेही फार जण ते वाचत नाहीत. त्याचा आशय असा: मुलाची समज जसजशी वाढेल त्याला अनुसरून त्याला दिशा आणि मार्गदर्शन देण्याची जबाबदारी, हक्क आणि कर्तव्य आईवडिलांचं आहे, आणि राष्ट्रांनी त्याचा आदर करायचा आहे. जिथे रूढी असेल तिथे मोठं कुटुंब आणि समुदाय यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजे आजी, काका, मावशी यांनाही या करारात जागा आहे. अठरावं कलम म्हणतं, मुलाला वाढवण्याची प्राथमिक जबाबदारी आईवडिलांची, आणि ती पार पाडता यावी म्हणून सरकारने त्यांना मदत करायची.

आता कलमांची सुरुवात पाहा. बहुतेक कलमांत बांधील कोण आहे? ‘सदस्य राष्ट्रं’. जन्मनोंद करा, प्राथमिक शिक्षण मोफत द्या, बालमृत्यू कमी करा, हे सगळं सरकारला सांगितलेलं आहे. मुलाचा जन्म नोंदला गेल्याने कुठल्या बापाचा अधिकार कमी होतो?

मेसेजची खरी चलाखी इथे आहे. त्याने मूल आणि पालक यांना समोरासमोर उभं केलं आणि ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्या सरकारला पालकांचा मालक करून टाकलं. आपण ‘मुलांचे हक्क पालकांच्या हक्कांपेक्षा मोठे’ असं उत्तर दिलं, की ती मांडणी मान्य केल्यासारखंच झालं. दुर्दैवाने आपल्या कितीतरी पोस्टरांवर नेमका हाच सूर असतो. त्याऐवजी पाचवं आणि अठरावं कलम सोप्या भाषेत छापून पालकांच्या हातात द्यावं. ते समजावून सांगायला दाई, बालवाडीच्या ताई, वस्तीतला एखादा आजोबा यांच्याइतकं चांगलं कुणी नाही. संस्थेचा प्रवक्ता त्यांच्या मागे राहिला तरी चालतं.

‘अधिकारी येऊन मुलं उचलून नेतात’

इथे नॉर्वेचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. तिथल्या बालकल्याण यंत्रणेविरुद्धची अनेक प्रकरणं युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. त्यातल्या एकाचा महापीठासमोरचा (म्हणजे त्या न्यायालयाच्या सर्वांत मोठ्या खंडपीठाचा) निकाल १० सप्टेंबर २०१९ चा. एका आईचं तान्हं मूल २००८ मध्ये काढून घेतलं गेलं, दुसऱ्या कुटुंबात ठेवलं गेलं आणि पुढे त्याच कुटुंबाला दत्तक देण्याची परवानगी दिली गेली. न्यायालयाने नॉर्वेला दोषी ठरवलं: आईला मुलाला भेटू दिलं ते अगदीच मोजकं, आणि तिच्या सांभाळण्याच्या क्षमतेचं ताजं तज्ज्ञ मूल्यमापन न करताच एवढा मोठा निर्णय झाला. कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा हा भंग होता.

मेसेज गोष्ट अर्ध्यावर सोडतो. यंत्रणेला लगाम घातला तो मानवी हक्कांच्या न्यायालयाने, आणि त्याच्या निकालात बालहक्क कराराची कलमंही दिलेली आहेत. नववं कलम सांगतं की आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध मुलाला वेगळं करायचं नाही. सक्षम यंत्रणेने कायद्यानुसार तसं ठरवलं आणि मुलाच्या हितासाठी ते आवश्यकच असलं तरच अपवाद, आणि त्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकली पाहिजे. वेगळं झालेल्या मुलाला आईवडिलांशी नियमित संपर्काचा हक्कही त्याच कलमात आहे. आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. केवळ गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण असता कामा नये, असं त्यांत साफ म्हटलं आहे. गरीब आईच्या हातात सरकारी अधिकाऱ्यापुढे धरायला याहून चांगला कागद कुठला? बालहक्क नाकारले तर यंत्रणा घरी यायची थांबत नाही. तिला अडवायचं हत्यार तेवढं जातं.

स्कॉटलंडचं उदाहरण मात्र आपल्या बाजूने मिरवण्यासारखं नाही. २०१४ च्या कायद्याने तिथे प्रत्येक मुलामागे एक नेमलेली व्यक्ती, म्हणजे आरोग्य परिचारिका किंवा शिक्षक, ठेवायची योजना आली. हेतू चांगला होता. पण कुटुंबाची खासगी माहिती खात्याखात्यांत फिरवण्याच्या तरतुदींवर पालकांनी आक्षेप घेतला, आणि जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी खासगीपणाच्या हक्काशी विसंगत ठरवल्या. २०१९ मध्ये सरकारने ती सक्तीची योजनाच सोडून दिली. विरोध करणारे तिथे बरोबर होते. ‘हे सगळे प्रतिगामी’ म्हणत ताणून धरण्यात तीन वर्षं गेली आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या सुधारणेवर संशय घ्यायला लोकांना निमित्त मिळालं. आक्षेप योग्य असेल तर तो पहिल्या आठवड्यात मान्य करावा. त्याने आपली बाजू पडत नाही.

‘चापट मारली की तुरुंग’

एकोणिसावं कलम मुलांना सर्व प्रकारच्या हिंसेपासून संरक्षण देतं, घरातल्या हिंसेपासूनही. त्यामुळे ‘करार मारण्याबद्दल काहीच म्हणत नाही’ असं उत्तर कुणी देऊ नये. ते खोटं ठरेल. प्रश्न तुरुंगाचा आहे. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या बालहक्क समितीने २००६ मध्ये शारीरिक शिक्षेवर सविस्तर भाष्य केलं. त्यात ती मारहाणीवर पूर्ण बंदी मागते, पण आईबापांवर खटला भरण्याबाबत हात आखडता घ्यायला सांगते: मुलाला गंभीर इजेपासून वाचवायला ते गरजेचं असेल आणि मुलाच्या हिताचंही असेल, तरच.

स्वीडन हा घरातल्या शारीरिक शिक्षेवर पूर्ण बंदी घालणारा पहिला देश, साल १९७९. ती बंदी घातली गेली पालक आणि मुलांविषयीच्या दिवाणी कायद्यात, आणि त्या कलमाला वेगळी शिक्षा जोडलेली नव्हती. सरकारने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मुलं असलेल्या घरोघरी माहितीपुस्तिका गेली आणि दुधाच्या खोक्यांवर नव्या कायद्याची माहिती छापली गेली. सकाळी दुधाचं खोकं टेबलावर आलं, की आईबाप आणि मुलं दोघंही तोच मजकूर वाचणार. मग रागाच्या भरात हात न उचलता करायचं काय, यावर घरातच बोलणं निघणार. पोलिसांच्या आधी दूध पोहोचलं. आज साठाहून अधिक देशांत अशी पूर्ण बंदी आहे.

न्यूझीलंडने नेमका उलटा धडा दिला. २००७ मध्ये तिथे मारहाणीच्या समर्थनासाठी वापरला जाणारा कायद्यातला बचाव काढला गेला. मात्र क्षुल्लक प्रकारात खटला न भरण्याची मुभा पोलिसांना आहे हे कायद्यातच लिहिलं होतं. २००९ मध्ये नागरिकांच्या मागणीवरून सार्वमत झालं. प्रश्न साधारण असा: ‘चांगल्या पालकत्वाचा भाग म्हणून दिलेली चापट हा फौजदारी गुन्हा असावा का?’ ‘चांगल्या पालकत्वाचा भाग’ असं आधीच म्हणून टाकल्यावर ‘हो’ कोण म्हणणार? ८७ टक्क्यांहून अधिक मतं ‘नाही’ला पडली. सार्वमत बंधनकारक नव्हतं, सरकारने कायदा ठेवला. पण जनमत जे बनायचं ते बनलं. लोकांनी प्रश्नात विचारलं त्याचं उत्तर दिलं. प्रश्न कुणी लिहिला हे बघायचं काम आपलं होतं. सार्वमत असो, पाहणी असो की टीव्हीवरची चर्चा, प्रश्नाचं वाक्य ठरत असतानाच तिथे हजर राहायला हवं. निकालानंतर हळहळून उपयोग नाही.

‘मूल म्हणेल ती पूर्व दिशा’

बाराव्या कलमात मुलाला स्वतःचं मत मांडण्याचा हक्क आहे, आणि त्या मताला वय आणि परिपक्वता पाहून योग्य ते वजन द्यायचं आहे. निर्णय मुलाने घ्यायचा असं त्यात कुठेही नाही. ताब्याच्या खटल्यात नऊ वर्षांच्या मुलीला ‘तुला कुणाकडे राहायला भीती वाटते का?’ हे न्यायाधीशांनी विचारणं म्हणजे हे कलम. एवढं सांगितलं की बहुतेक पालकांचा आक्षेप मावळतो.

‘हे पाश्चात्त्यांचं कारस्थान’

कराराचा पहिला मसुदा १९७८ मध्ये पोलंडने मांडला. तेव्हाचा पोलंड साम्यवादी गटातला, म्हणजे ज्यांच्याकडे या मेसेजचं बोट आहे त्यांच्या समोरच्या छावणीतला. पुढे दहाएक वर्षं वाटाघाटी चालल्या. करार सगळ्यांत आधी स्वीकारला घानाने, फेब्रुवारी १९९० मध्ये; त्याच महिन्यात व्हिएतनामनेही. कॅथलिक धर्मपीठ व्हॅटिकन पहिल्या काही महिन्यांतच आलं. विसाव्या कलमात अनाथ मुलांच्या संगोपनाचे पर्याय सांगताना इस्लामी कायद्यातल्या ‘कफाला’चा, म्हणजे दत्तक न घेता मुलाचा सांभाळ करण्याच्या पद्धतीचा, नावानिशी उल्लेख आहे, कारण त्या परंपरेत पाश्चात्त्य पद्धतीचं दत्तकविधान मान्य नाही आणि मसुदा करणाऱ्यांनी ते ऐकून घेतलं. १९९० मध्येच आफ्रिकी देशांनी मुलांसाठी आपली वेगळी सनद केली.

तसं पाहिलं तर कुटुंबाच्या नावाने चालणारा विरोधही चांगलाच आंतरराष्ट्रीय आहे. वर्ल्ड काँग्रेस ऑफ फॅमिलीजचं पहिलं अधिवेशन १९९७ मध्ये प्रागला झालं आणि त्यानंतर ती अधिवेशनं निरनिराळ्या देशांत भरत आली. सीमेपलीकडच्या समविचारी लोकांशी संधान बांधणं हा गुन्हा नाही, त्यांचाही नाही आणि आपलाही नाही. फक्त ‘परके’ हा शिक्का एकाच बाजूला मारू नये.

‘हक्क आहेत, कर्तव्यं कुठे?’

आत्ताच उल्लेख केलेल्या आफ्रिकी सनदेचं एकतिसावं कलम मुलांच्या जबाबदाऱ्यांवरच आहे: कुटुंबाच्या एकोप्यासाठी झटणं, आईवडिलांचा आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणं, गरज पडल्यास त्यांना मदत करणं. संयुक्त राष्ट्रांच्या करारातही एकोणतिसाव्या कलमानुसार शिक्षणाच्या हेतूंमध्ये आईवडिलांविषयी, स्वतःच्या भाषेविषयी आणि मूल्यांविषयी आदर रुजवणं येतं. मात्र कर्तव्य केलं तरच हक्क, हा सौदा मान्य करता येत नाही. तान्ह्या बाळाने कोणतं कर्तव्य पार पाडल्यावर त्याला लस द्यायची?

‘अमेरिकेने का नाही स्वीकारला?’

करारात १९६ सदस्य आहेत. सोमालियाने २०१५ मध्ये तो स्वीकारला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी बाहेर एकटी अमेरिका राहिली. तिने १६ फेब्रुवारी १९९५ रोजी सही केली, पण अंतिम मंजुरीसाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात आणि तिथे तो कधी मतदानालाही आला नाही. पालकांचे अधिकार जातील, ही विरोधाची मोठी बाजू.

मग करार न स्वीकारल्याने अमेरिकेतल्या पालकांना जास्तीचं काय मिळालं ते बघावं. अठराव्या कलमात पालकांना सरकारी मदतीचा आग्रह आहे. तिथल्या १९९३ च्या संघीय कायद्यात मूल झाल्यावर १२ आठवड्यांची रजा मिळते ती बिनपगारी, आणि तीही सगळ्या नोकरदारांना नाही. नवव्या कलमात मूल वेगळं करण्यावर मर्यादा आहेत. तिथल्या १९९७ च्या कायद्यानुसार मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीखाली परक्या घरी राहिलं, तर काही अपवाद सोडून राज्याने आईबापांचे पालकत्वाचे अधिकार कायमचे संपवण्यासाठी अर्ज करायचा असतो.