सोलर पॅनेलला डीएपी चोळायचं नसतं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्याचा परवा फोन आला. "सोलरचा पंप पाणी कमी ओढालाय बघ. त्यातलं फॉस्फरस उडून गेलंय म्हणे. डीएपीचं पाणी चोळलं की परत बसतंय, असं ग्रुपवर आलंय. डीएपी हाय की घरात!"

मग तो मेसेज माझ्याकडेही आला. त्याचं म्हणणं असं: पॅनेलातलं शुद्ध सिलिकॉन महाग, म्हणून कंपन्या त्यात फॉस्फरस-बोरॉनची भेसळ करतात, ती पाच वर्षांत उन्हानं उडते, पावसातून शेतात उतरून पीक जाळते, आणि उपाय डीएपी, म्हणजे फॉस्फरसचं खत. उडून जाते की उतरून येते, ते तरी आधी ठरवा.

आधी डीएपी, कारण त्यानं माणूस जाईल. पंपाची पॅनेलं एकापुढे एक जोडलेली असतात, त्यामुळे भर उन्हात तिथे शेकडो व्होल्टचा डीसी दाब असतो. पंपाचं बटण बंद केलं तरी ऊन असेपर्यंत तो जात नाही. खताचं पाणी वीज चांगली वाहून नेतं. एखादी वायर सोललेली असली, काच तडकलेली असली आणि वर ओल्या हातानं कोणी चोळत बसलं, तर पुढचं सांगायला नको. शिवाय त्या खारानं ॲल्युमिनियमची चौकट खाल्ली जाते ती वेगळीच.

आणि एवढं करून फॉस्फरस आत जाणार कुठून? वर जाड काच, तिच्याखाली प्लॅस्टिकचा थर, मग सिलिकॉन. कारखान्यात फॉस्फरस आत घालायला 800 अंश सेल्सिअसच्या वरची भट्टी लागते, कारण त्याचा अणू सिलिकॉनच्या अणूची जागा घेऊन बसायला हवा. तेही अर्ध्या मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या, आसपासच शिरतं. मे महिन्यात निपाणीच्या उन्हात पॅनेल 70 अंशांपर्यंत तापलं, तरी आत बसलेला फॉस्फरस जागचा हलत नाही. म्हणजे 'उडून गेलं' हेही निकालात निघालं.

स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला 1982 साली बसवलेली पॅनेलं 35 वर्षांनी तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त पॅनेलं मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या वर वीज देत होती. पाच वर्षांत उडणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता भेसळ. शुद्ध सिलिकॉन विजेच्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. त्याच्या अणूचे बाहेरचे चारही इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बांधलेले असतात. साध्या तापमानाला पाच लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक इलेक्ट्रॉन मोकळा सापडतो. फॉस्फरसकडे पाच इलेक्ट्रॉन. चार बांधले जातात, पाचवा फिरायला मोकळा. 50 लाख अणूंत एक फॉस्फरस घातला तरी वाहकता लाखो पटींनी वाढते. बोरॉनकडे तीनच, म्हणून तिथे एक जागा रिकामी राहते आणि ती जागाच सरकत वीज वाहते. पॅनेलमध्ये हे दोन थर एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर वीज तयार होते. पैसे वाचवायला भेसळ करणारा आधी सिलिकॉन एवढं शुद्ध करून मग मोजून अणू घालत बसेल का?

पीक जळण्याचं तर सोडूनच द्या. एका पॅनेलमध्ये फॉस्फरस असतो काही मिलिग्रॅम. 50 किलोच्या डीएपीच्या पोत्यात असतो 10 किलो, आणि तो आपण आपल्या हातानं शेतात टाकतो. कणकुंबीचा धो-धो पाऊसही काचेआडचा फॉस्फरस धुऊन काढू शकत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. बोरॉनवाल्या पॅनेलची वीज नव्यानं ऊन लागल्यावर पहिल्या काही तासा-दिवसांत टक्का-दोन टक्के घसरते. बोरॉन कुठे जात नाही, आतल्या ऑक्सिजनशी त्याची जोडी जमते आणि ती अडथळा करते. मग घसरण थांबते. उन्हाळ्यातही पॅनेल तापलं की दर अंशामागे साधारण 0.4 टक्के वीज कमी होते; थंडी आली की भरून निघते.

आत्याच्या पॅनेलवर काजूच्या झाडाची सावली पडते आणि धूळ बसली आहे. धूळ सकाळी पॅनेल गार असताना साध्या पाण्यानं, लांबूनच धुवायची. फांदी छाटायला मी रविवारी येतो असं तिला सांगितलंय. डीएपी भाताला घाल म्हटलं.