चार तासांची हजेरी आणि सत्तर टक्के

भुसावळ, जामनेर रोड. ऊन उतरलं की टपरीसमोरच्या ओट्यावर तिघं ठरलेले. रेल्वेच्या हजेरीखात्यातून निवृत्त झालेले नाना, जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात एचआर बघणारा पंकज आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, क्लेम भरून देणारे आप्पा.

विषय पंकजने काढला. समजा, मणक्याच्या दुखण्याने कामगार सिकवर आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती लिहिलीय. तीन आठवड्यांत तो हिंडायला लागला. घरी बसून तोही कंटाळला, इकडे डिस्पॅचला माणूस नाही. "चार तास येऊन चलान बनवली तर काय बिघडलं?"

"हिशेब बिघडला," आप्पा म्हणाले. "रोजचा सरासरी पगार ६०० धर. ईएसआय आजारपणात सत्तर टक्के देते, म्हणजे ४२०. तुझ्याकडे अर्धा दिवस आला तर मिळतील ३००. पण ईएसआयचा नियम म्हणतो, ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ नाही. त्यात तास मोजतच नाहीत. सहा दिवस घरी झोपला तर २,५२०, सहा दिवस अर्धा वेळ घाम गाळला तर १,८००. येईल कशाला तो?"

"मग मस्टरवर नको घेऊ. वरचे रोखीत दे," आप्पांनीच सुचवलं.

नाना एकदम वळले. "हे काय बोलून राह्यला भो? गोडाऊनच्या पायरीवरून घसरला तर? सर्टिफिकेट सांगतं माणूस घरी, मस्टर कोरं. अपघाताचा रिपोर्ट कोणत्या हजेरीवर भरशील?"

नानांची शंका मुद्द्याची होती. कामावरच्या इजेला नव्वद टक्के मिळतात, आणि त्याला वर्षाच्या ९१ दिवसांची मर्यादाही नाही. कागदावर तो कामावर नव्हताच, तर त्या नव्वद टक्क्यांवर दावा सांगायचा कशाच्या जोरावर? शिवाय खोटी माहिती देऊन लाभ घेतला तर शिक्षाही होऊ शकते. घेतलेले पैसेही परत मागतात.

पंकजने दुसरी वाट काढली. तीन दिवस काम, तीन दिवस आराम.

"ते बसतं," आप्पा म्हणाले, "पण आधी डॉक्टरकडून फायनल, म्हणजे फिट झाल्याचं सर्टिफिकेट, मग कामावर. परत दुखलं तर आजारपणाचं नवं सर्टिफिकेट. आजारपणाचे सुरुवातीचे दोन दिवस बिनपैशाचे जातात, पण आधीचं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत दुसरं सुरू झालं तर ते दोन दिवस पुन्हा कापत नाहीत. एवढी सोय आहे. पण दर आठवड्याला दवाखान्याची रांग लावायची, आणि आज फिट, परवा अनफिट असं डॉक्टर किती वेळा लिहील?"

नानांना रेल्वे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे 'सिक' आणि 'फिट' यांच्यामध्ये लाइट ड्यूटीचा शेरा असतो. पण त्यात काम हलकं होतं, वेळ कमी होत नाही. आणि लोको पायलटला इंजिनवर परतायचं तर पुन्हा तपासणी, ए-वन या वैद्यकीय श्रेणीच्या निकषांत बसावंच लागतं. सरकारी कचेरीतली अर्धवेतनी रजा तर नावालाच अर्धी. पगार अर्धा, रजा पूर्ण. त्या रजेतही कामावर अर्धा दिवस यायची सोय नाही.

"जर्मनीत आहे ना," पंकज म्हणाला. तिथे दीर्घ आजारानंतर डॉक्टर टप्पे लिहून देतो: आधी दोन तास, मग चार, मग सहा. त्या काळात माणूस कागदावर आजारीच, पैसे विमा कंपनी देते. मालकाला पगार द्यावा लागत नाही आणि कामगाराचा लाभही तुटत नाही. स्वीडनमध्ये पाव, अर्धा, पाऊण असा आजारभत्ता मिळतो. आपल्याकडे मोजमाप दिवसाचं, त्यांच्याकडे दिवसाच्या तुकड्यांचं. सगळी गोम तिथे आहे.

"मालक गैरफायदा घेईल," नाना अडून बसले. "आज चार तास, उद्या 'थोडं थांब ना'. आणि आजार कोणता ते बघ. मणकेवाल्याला खुर्चीवरच्या चार तासांपेक्षा इथून जळगावपर्यंतची मोटारसायकल जास्त महाग पडते. मे महिन्यात तर बघायलाच नको. टीबीच्या माणसाला बोलवायची घाई कशाला? टीबी ईएसआयच्या लांबच्या आजारांच्या यादीत आहे, दोन वर्षं सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर ऐंशी टक्के मिळतात."

आप्पांचं मत मधलं. पगार २१,००० च्या वर आणि ईएसआय नाही, अशांना अर्ध्या वेळेचा करार आत्ताही करता येतो. चार तासांचा पगार, उरलेल्यासाठी अर्धी रजा. (पगार सहामाहीच्या मध्येच वाढला तर त्या सहामाहीअखेरपर्यंत ईएसआयची वर्गणी कापावीच लागते. हे विसरून पुष्कळ जण अडकतात.) पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर नुसतं 'हलकं काम' चालत नाही. किती तास, किती किलोपर्यंत उचलायचं, सलग किती वेळ उभं राहायचं, रात्रपाळी नाही, आणि कोणत्या तारखेपर्यंत. दाल मिलमध्ये 'हलकं काम' म्हणजे पोती शिवणं, असं मुकादम धरून चालतो. शिवायला वाकावंच लागतं. त्यापेक्षा वजनकाट्याची नोंद द्यावी, तीही खुर्चीवर.

पंकजने मोबाइलमध्ये ऑर्डरचा मसुदा टाइप केला आणि वाचून दाखवला. तास, काम, वजन, पगार, रजा, सगळं आलं होतं.

"दुखणं वाढलं तर त्याच दिवशी घरी, आणि पगार चार तासांचाच पूर्ण, हे कुठेय?" नानांनी विचारलं.

"त्याला मालक सही करणार नाही."

"मग त्याला बोलवू नको," नाना म्हणाले, आणि दुसरा चहा सांगितला.