बेबियाचे पैसे कापणाऱ्यांनो

सकाळी प्रवासाच्या एका ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकलाय. हिवाळ्यात जॉर्जियाला गेले होते, काझबेगी गावात एका कुटुंबाच्या घरी राहिले. वाईट रिव्ह्यू देईन म्हटलं की पैसे कमी करतात, तुम्हीही करून बघा, असा वर सल्ला. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. तक्रार काय, तर बाथरूम गार होतं आणि घरातली म्हातारी सतत स्वयंपाकघरात बसलेली असायची.

अहो, स्वयंपाकघर तिचंच आहे! तिने बसायचं कुठे, बर्फात?

त्याच गावात मी आणि आई एका हिवाळ्यात राहून आलोय. घरची आजी सत्तरीच्या पुढची, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. तिची नात तिला बेबिया म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो. ऊब म्हणाल तर स्वयंपाकघरातली एक लोखंडी शेगडी. त्यामुळे घरचे आणि आम्ही सगळे दिवसभर तिच्याच भोवती. बाथरूम आमचंही गार होतं, खोटं कशाला बोलू.

आई पक्की शाकाहारी, त्यामुळे जेवणाची मला धास्ती होती. पण तिथला नाताळ 7 जानेवारीला, आणि त्याआधी 28 नोव्हेंबरपासून ऑर्थोडॉक्स लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास. मांस, दूध, अंडी सगळं बंद. बेबिया तो कडक पाळायची. मग तिच्याच ताटातलं आम्हाला: राजम्याचं लोबियो, अक्रोड वाटून घातलेली पालकाची प्खाली, आत राजमा भरलेली गरम लोबियानी. 'जॉर्जियात शाकाहाऱ्यांचे हाल होतात' म्हणणाऱ्यांनी या दिवसांत कुणाच्या घरी जेवून बघावं.

आम्ही 31 डिसेंबरला तिबिलिसीला परतणार होतो. पण वाटेत ज्वारी खिंड आहे, साधारण 2,400 मीटरवर. बर्फ खूप झाला की हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता बंद करतात, तसा केला. अडकलो.

नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं याला तिकडे फार महत्त्व. त्या माणसाला मेक्वले म्हणतात. त्याचा पायगुण वर्षभर घराला लाभतो. बेबियाने त्यासाठी माझ्या आईला बोलावलं.

आई मागे सरकली. मला म्हणाली, "अगं सांग त्यांना, तुझे बाबा नाहीत. मला नको." बाबा गेल्यापासून आमच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं तिला येत नाही. कुणी मुद्दाम टाळतं असं नाही, पण येत नाही. मी नातीला इंग्रजीत सांगितलं, तिने आजीला. बेबिया ऐकून घेत होती. ती स्वतः विधवाच, म्हणून तर काळे कपडे. काही न बोलता तिने आईच्या ओंजळीत गोझिनाकी ठेवली, मध-अक्रोडाची, आपल्या चिक्कीसारखी, आणि तिला दाराबाहेर उभं केलं. बारा वाजून गेल्यावर आई उंबरा ओलांडून आत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी आई रडली. हे लिहिताना मलाही भरून येतंय.

त्या वाढीव मुक्कामाचे पैसे बेबियाने घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवले, तिने माझ्या कोटाच्या खिशात कोंबले.

आणि अशाच कुणा बाईला तुम्ही रिव्ह्यूची धमकी देता? तिकडच्या घरांची हिवाळ्यातली कमाई ती किती, आणि त्यावर तुमचा हा पराक्रम! काही यजमान लुबाडतात, मान्य. तिथे जरूर भांडा. पण आपण पाहुणचाराच्या एवढ्या गप्पा मारतो, मग दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून कसं राहायचं ते कधी शिकणार? पैसे मोजले म्हणजे घर विकत मिळत नाही. कुणीतरी आपलं अंथरूण, आपली शेगडी, आपली सणाची रात्र तुमच्यासोबत वाटून घेत असतं.

डिसेंबरमध्ये कुणी जाणार असेल तर इनबॉक्समध्ये विचारा, बेबियाच्या नातीचा नंबर तिला विचारून देईन. परतीच्या विमानाआधी हाताशी जादा दिवस ठेवा, खिंड कधीही बंद होते. जाताना घरचा खाऊ न्या. आणि भाडं ती सांगेल तेवढंच द्यायचं, हे आधी कबूल करा.